दोन घरं आधी

४ जानेवारी

ती. पिपाणीकाकांना,
साष्टांग नमस्कार. कंबर धरली आहे, त्यामुळे तो मनातल्या मनातच घातलाय असं समजा.

नव्या वर्षाच्या शुभेच्छा वगैरे आहेतच, पण खरं म्हणजे काम आहे. येत्या मार्चमध्ये बाबांना जाऊन दहा वर्षं होतील. रेडिओच्या जुन्या सभागृहाची दुरुस्ती एकदाची संपली आणि आमच्या संगीत विद्यालयाने ठरवलंय की तिथेच त्यांच्या रचनांचा कार्यक्रम करायचा. चाळीस मुलंमुली वाजवणार. सोबत स्मरणिका निघणार, आणि तिच्यातला मोठा लेख माझ्या गळ्यात पडलाय. लेक म्हटल्यावर सुटका कुठली! संपादकबाईंनी जानेवारीअखेरची मुदत दिली आहे आणि त्या बाई मुदतीच्या बाबतीत फार कडक आहेत.

लेख कशावर लिहायचा ते ठरलंय. 'दारं उघडताना' या रचनेतल्या तुमच्या ट्रॉम्बोनच्या जागेवर. व्हायोलिन्सचं बोलणं संपायच्या आत, दोन घरं आधीच, खालून तुमचा एकट्याचा सूर येतो ना, ती जागा. (कागदावरच्या दोन उभ्या रेघांमधल्या जागेला बाबा 'घर' म्हणायचे. आता ते पुस्तकातही छापून येतं, आणि पोरांना वाटतं हा शास्त्रातलाच शब्द आहे.) मी तीस वर्षं ती जागा वर्गात शिकवली. परीक्षेत पाच गुणांना येते, 'महत्त्व स्पष्ट करा' म्हणून. बाबांच्या आधी इथे सगळे नुसते कानाने वाजवत, त्यांनी पहिल्यांदा चाळीस माणसं कागदावरून वाजवायला बसवली, हे मोठं आहेच. पण माझ्या मते खरे बाबा त्या दोन घरांत आहेत. नियम त्यांनीच शिकवले, आणि मोडायची हिंमतही त्यांनीच केली.

तर काका, ही जागा त्यांना सुचली कशी? 'दारं उघडताना'चं रेकॉर्डिंग झालं त्या दिवशी त्या हॉलमध्ये होतात असे आता तुम्ही एकटेच उरलात. माझा धाकटा भाऊ त्याच दिवशी जन्मला, त्यामुळे घरात त्या दिवसाचं दुसरं कुणाला काही आठवतच नाही. सविस्तर लिहा. काकूंना नमस्कार.

तुमची,
टिंबी


११ जानेवारी

चि. टिंबीस,
पुष्कळ आशीर्वाद, आणि कंबरेला शेक दे.

मी ठीक. नवे दात बसवलेत. खायला बरे आहेत, वाजवायला शून्य. पिपाणी कपाटावर ठेवून दिली आहे. तुझी काकू म्हणते, आता तरी शेजाऱ्यांशी संबंध सुधारतील.

मास्तरांवर लिहितेस हे फार चांगलं. मी तुला माल पुरवतो. मी वरातीत वाजवणारा पोरगा होतो, अक्षरशत्रू. मास्तरांनी मला थेट तुमच्या स्वयंपाकघरात नेऊन बसवलं. तुझी आई भाजी चिरत होती. त्यांनी कागदावर दोन रेघा मारल्या आणि म्हणाले, "हे घर. यात चार माणसं मावतात. पाचवा घुसला तर एकाला बाहेर काढावं लागेल. जाडा आला तर दोघांची जागा अडवेल." संपलं! दीड महिन्यात मी वाचायला लागलो. असे त्यांनी चाळीस जण तयार केले, एकेकाला त्याच टेबलाशी बसवून. तुझी आई पाच रेघा आखायची, तू जिभेचं टोक बाहेर काढून सुरांची टिंबं काढायचीस, म्हणून तर तू टिंबी. आणि माझं वाद्य बघून तू पहिल्या दिवशी काय म्हणालीस? "एवढी मोठी पिपाणी!" जन्माचं नाव पडलं मला.

आणखी लिही. त्यांनी संध्याकाळचं रेकॉर्डिंग जन्मात घेतलं नाही. एकदा एक फार मोठे गायक तीन तास उशिरा आले. साडेपाच झाले तशी मास्तरांनी ताल द्यायची काठी खाली ठेवली. गायक तापले. मास्तर म्हणाले, "माझी पोरगी खिडकीत उभी असते." आणि निघाले! आम्ही सगळे खाली माना घालून हसू दाबतोय. दुसऱ्या दिवशी गायक वेळेच्या आधी हजर. तुझ्या शाळेच्या कपड्यांना इस्त्री तेच करायचे, हेही लिही. आम्ही सकाळी कागद न्यायला यायचो तेव्हा ते एका हाताने इस्त्री फिरवत दुसऱ्या हाताने आम्हाला ताल सांगत असायचे.

त्या जागेबद्दल मात्र नको लिहूस. लिहायला दुसरं ढीगभर आहे. माझं ऐक.

तुझा,
पिपाणीकाका


१६ जानेवारी

ती. काकांना,
सा. न.

तुमचं पत्र वाचून हसले, रडले, आणि शेवटच्या दोन ओळींशी येऊन अडकले. 'नको लिहूस' म्हणजे काय? का नको? मी दोन दिवस विचार केला. काका, रागावू नका, पण स्पष्टच विचारते. ती कल्पना तुमची होती का? तुम्हीच हॉलमध्ये सुचवलीत आणि नाव बाबांचं झालं, असं काही आहे का? तसं असेल तर सांगून टाका. मी लेखात तुमचं नाव घालीन. बाबांनाही ते आवडलं असतं.

संपादकबाईंना मी हे सहज बोलून गेले. त्या म्हणाल्या, "जुन्या वादकांचं असंच असतं, प्रत्येकाला वाटतं आपणच केलं." मला ते आवडलं नाही. पण तुम्ही गप्प बसलात तर मी काय समजायचं?

आणि काहीच नसेल तर मी ठरवलंय तसंच लिहिणार. माझ्यासाठी ती जागा म्हणजे बाबा आहेत. ती सोडून त्यांच्यावर लिहिणं मला जमणार नाही. एकतीसला लेख जाईल.

टिंबी


२ फेब्रुवारी

चि. टिंबीस,
आशीर्वाद.

तुझं पत्र आलं आणि माझं डोकं असं फिरलं की काकूने चहा पुढे केला तो मी तसाच गार केला. मी क्रेडिट मागतोय? मी? तुझ्या संपादकबाईंना माझा नमस्कार सांग आणि म्हणावं, असल्या क्रेडिटची मला लाज वाटते.

मग राग उतरला. आणि मग पंधरा दिवस कागद समोर घेऊन बसलो. मी मास्तरांना शब्द दिला होता. पण तुझ्या मनात माझ्याबद्दल नको ते येण्यापेक्षा शब्द मोडलेला बरा. ते वर गेले आहेत, मीही जाईनच, तिथे बोलणी खाईन.

टिंबे, ती जागा कुणालाच सुचली नव्हती. ती तुझी चूक आहे.

रेकॉर्डिंगच्या आदल्या दिवशी सकाळी तुझ्या आईला कळा सुरू झाल्या. मास्तर तिला घेऊन दवाखान्यात गेले. कागद अर्धे राहिले होते. तू बारा वर्षांची. शेजारणीने तुला जेवायला बोलावलं तर गेली नाहीस. मी दुपारी आलो तेव्हा तू रेघाही स्वतःच आखत बसली होतीस. अकरा वाद्यांचे कागद तू एकटीने पुरे केलेस. बघून घ्यायला मास्तर घरी नव्हतेच. माझ्यासाठी मूळ कागदावर त्यांनी लिहिलं होतं, दहा घरं गप्प राहून मग सुरू. तू उतरवलंस आठ.

दुसऱ्या दिवशी मास्तर दवाखान्यातून थेट हॉलवर आले. दाढी वाढलेली, खिशात पेढे. पहिलीच तालीम. मी आठ घरं मोजली आणि सुरू झालो. व्हायोलिनवाले अजून वाजवतायत! सगळे हसायला लागले. मी शरमेने मेलो. मास्तर माझ्यापाशी आले, माझा कागद उचलला. अक्षर बघितलं. मी म्हटलं, "मास्तर, माझंच चुकलं." ते म्हणाले, "पुन्हा वाजवा. असंच." वाजवलं. ते डोळे मिटून उभे. मग म्हणाले, "पिपाणीचा कागद बरोबर आहे. व्हायोलिन, शेवटची दोन घरं हळू आवाजात घ्या. पिपाणी, तू शेवटचा सूर दोन घरं जास्त ओढ." सगळ्यांनी पेन्सिली काढल्या. आणि माझ्याजवळून जाताना कानात म्हणाले, "हे पोरीला कळता कामा नये."

झालं हे असं. बापाने पोरीचं मन राखलं. मी तोंड शिवलं. आता तू पाच गुणांचं उत्तर काय लिहायचं ते लिही.

पिपाणीकाका


८ फेब्रुवारी

ती. काकांना,
सा. न., आणि आधी क्षमा.

तुमचं पत्र मी खुर्चीत बसून दोनदा वाचलं. चौसष्ट वर्षांची बाई मी, आणि शाळेत चूक पकडली गेल्यासारखं मी ते उलटं करून ठेवलं. आठ! मला तो दिवस आठवतो, काका. शाईने बरबटलेले हात आठवतात, बाबा दार उघडून म्हणाले "भाऊ झाला" ते आठवतं. आकडा आठवत नाही.

लेख एकतीसलाच गेला होता. सहा पानं, सगळी त्या जागेची आरती. मी तशीच उठून संपादकबाईंकडे गेले आणि म्हटलं, परत द्या. त्यांनी कारण विचारलं, मी सांगून टाकलं. त्या घाबऱ्याघुबऱ्या झाल्या. "अहो, हे छापलं तर लोक काय म्हणतील? तुमच्या वडिलांचंच नाव खाली येईल. राहू द्या ना जसं आहे तसं!" मी म्हटलं पंधरा दिवस द्या. त्यांनी दहा दिले.

तिथून धाकट्याकडे गेले. बाबांच्या कागदांची पेटी त्याच्याकडे असते. त्याला सगळं सांगितलं तर हसत सुटला गधडा. म्हणाला, "म्हणजे खरं तर माझ्यामुळे झालं!" आम्ही दोघांनी पेटी उपसली. मूळ कागद सापडला, बाबांच्या हातचा. ट्रॉम्बोनच्या ओळीत दहा घरं मोकळी. त्यातली शेवटची दोन पेन्सिलने खोडलेली. तुमचं खरं निघालं.

पण आणखी एक आहे. त्या दोन घरांत व्हायोलिन्सचे सूरही त्यांनी बदललेत. तुम्ही ज्या सुरावर येता तो एकच सूर व्हायोलिनमधून काढून टाकलाय. खाली तारीख आहे, रेकॉर्डिंगच्या दुसऱ्या दिवशीची. म्हणजे रेकॉर्डिंग झालं, काम संपलं, घरात एक दिवसाचं बाळ, आणि हा माणूस त्या दोन घरांपाशी परत येऊन बसला.

मला दुसरं काही नको, काका. एवढंच सांगा. त्यांना ती जागा खरंच आवडली होती, की मला वाईट वाटू नये म्हणून चाळीस माणसांना त्यांनी चुकीचं वाजवायला लावलं? आवडली असेल तर मी चुकले तरी जागा त्यांचीच. पण नुसती माझी समजूत काढली असेल, तर मी तीस वर्षं मुलांना काय शिकवलं? बाबांची सगळ्यात मोठी गोष्ट म्हणून मी जी दाखवत होते ती त्यांची नव्हतीच.

टिंबी


१३ फेब्रुवारी

चि. टिंबीस,
आशीर्वाद. क्षमा कसली मागतेस, वेडी.

तू विचारलंस म्हणून खरं सांगतो. मला ती जागा कधीच पटली नाही. कार्यक्रमात शेकडो वेळा वाजवली असेल, आणि दर वेळी आठ घरं झाली की मला वाटायचं, थांबावं. दुसरे बोलत असताना मधे तोंड घालायचं, हे मला आमच्या घरातही कधी जमलं नाही, काकूला विचार. लोक वाहवा करायचे आणि मी मनात म्हणायचो, अरे, ती पोरीची चूक आहे रे! अजून रेडिओवर ती रचना लागली की माझी बडबड सुरू होते, हे बघ इथे, हे बघ आलो आगाऊपणा करत. काकू वैतागून बटण बंद करते.

व्हायोलिनमधला सूर काढला ते मला माहीत आहे. पुढच्या कार्यक्रमात तसंच वाजलं. ती डागडुजी होती. एकदा भिंत वाकडी बांधली गेली की माणूस कपाट तिच्या मापाचं करतो, त्यातलं ते. मास्तरांना कुठलंही काम अर्धवट सोडवत नसे.

मी त्यांना कधी विचारलं नाही. एकदा धीर केला होता. ते नातवाला झोपवत होते, मला म्हणाले, "हळू बोल." मग राहूनच गेलं.

पण टिंबे, यात वाईट काय वाटून घ्यायचं? मला तर तेच मोठं वाटतं. इतक्या कडक माणसाने, ज्याने आमची एक चूक कधी खपवून घेतली नाही, त्याने पोरीसाठी कायमची एक चूक पदरात घेतली. असा बाप कुणाला मिळतो? तू तेच लिही. जागेचं सोडून दे.

पिपाणीकाका


२० फेब्रुवारी

ती. काकांना,
सा. न.

लेख दिला. खरं ते सगळं लिहिलं, आठ आणि दहा, शाईचे हात, पेढे, सगळं. तुमचं नाव आहे, आणि तुम्हाला ती जागा पटत नाही हेही आहे. संपादकबाईंनी उभ्याउभ्याच सगळा वाचला. मग म्हणाल्या, "छापू." मी त्यांच्याबद्दल मनात जे काही बोलले होते ते मागे घेतलं.

शेवटचा परिच्छेद मात्र लिहिलेला नाही. जागा आवडली होती की माझं मन राखलं, तिथे मी थांबलेय. तुम्ही म्हणता सोडून दे. मला सुटत नाही. माझा बाप मोठा होता हे मला तुम्ही सांगायला नको, इस्त्रीचे कपडे मीच घालत होते. पण संगीताच्या बाबतीत बाबा कुणाची गय करत नसत. माझीही नाही. माझं पेटीवादन ऐकून त्यांनी मला सरळ सांगितलं होतं, "टिंबं काढ, ती तुझी छान येतात." असा माणूस खोटं कसं वाजवून घेईल?

आता ऐका. नऊ मार्चला सकाळी दहाला हॉलवर तालीम आहे. मुलांना मी सगळं सांगितलं. ट्रॉम्बोनवर एक मुलगी आहे, दोन वेण्या घालते, तिने लगेच विचारलं, "मग मी आठ मोजू की दहा?" मी म्हटलं दोन्ही. आधी बाबांनी लिहिलं तसं दहा, मग मी उतरवलं तसं आठ. स्मरणिका पंधराला छापायला जाणार. शेवटच्या परिच्छेदासाठी तेवढी जागा मोकळी ठेवलीय.

तुम्ही या. गाडी पाठवते. माझ्या कानांवर माझा विश्वास नाही, मला तर ती जागा आवडायचीच. तुम्हाला ती आवडत नाही, म्हणून तुम्हीच या.

टिंबी


१० मार्च

चि. टिंबीस,
पुष्कळ पुष्कळ आशीर्वाद.

काल तुला न भेटता निघून आलो, रागावू नकोस. मागच्या दारातून आलो आणि शेवटच्या रांगेत बसलो होतो. तू स्टेजजवळ होतीस, चाळीस पोरांच्या गराड्यात. खाली येऊन तू मला विचारलं असतंस आणि मला बोलता आलं नसतं. गाडीवाल्याला म्हटलं, चल बाबा. वाटेत त्याने दोनदा विचारलं, आजोबा, बरं वाटतंय ना?

हॉल चांगला केलाय. खुर्च्या मऊ आहेत, आमच्या वेळी बुडाला खिळे लागायचे.

आधी त्यांनी दहा घरांचं वाजवलं. सगळं जिथल्या तिथे. व्हायोलिन बोलली, बोलणं संपलं, मग ट्रॉम्बोन आला. नीटनेटकं, शिस्तीचं. मी मनात म्हटलं, बघा, मी म्हणत नव्हतो? हे बरोबर. आणि खरं सांगू, मला जरा वाईट वाटलं, आता टिंबीला काय सांगायचं म्हणून.

मग आठाचं. सवयीने मी मोजायला लागलो. सहा, सात, आठ, आणि मनात आलंच, थांब. पण माझ्या हातात पिपाणी नव्हती. श्वास धरायचा नव्हता, काठीकडे बघायचं नव्हतं, बडबडायला शेजारी काकूही नव्हती. नुसतं बसायचं होतं. आणि त्या वेण्यावाल्या मुलीने सूर लावला.

टिंबे, तो मधे तोंड घालत नाही गं. मी आयुष्यभर तसं समजलो. पोरंबाळं घरात बोलत बसलेली असतात आणि बाप कामावरून येतो. तो त्यांचं बोलणं तोडत नाही, संपायची वाटही बघत नाही, चपला काढता काढताच त्यांच्यात बोलायला लागतो. तसा आला तो सूर. व्हायोलिनने त्याच्यासाठी जागा सोडलेली होती, एकच सूर, नेमका तेवढाच. ती डागडुजी नव्हती. मी तुला चुकीचं लिहिलं. दहाच्या मापात ते सगळे एकामागून एक येतात, आणि आठात एकत्र असतात. हे मास्तरांना पहिल्या फटक्यात ऐकू आलं, हसणाऱ्या चाळीस माणसांच्या मधे उभं राहून, रात्रभराच्या जागरणानंतर. म्हणून ते म्हणाले, "पुन्हा वाजवा."

मी रुमाल काढला. पुढच्या रांगेतल्या एका बाईने मागे वळून पाहिलं. बघू दे.

माझ्या कानात ते म्हणाले होते, पोरीला कळता कामा नये. मला वाटलं होतं, चूक कळू नये म्हणून. आज वाटतं, त्यांना फक्त एवढंच नको होतं की बारा वर्षांच्या पोरीने पुढचा प्रत्येक कागद भीत भीत लिहावा. चूक त्यांनी पोटात घातली ती बाप म्हणून. जागा ठेवली ती मास्तर म्हणून. एकाच माणसाने, एकाच मिनिटात.

तुझा शेवटचा परिच्छेद तू लिहिशीलच, माझ्यापेक्षा चांगला लिहिशील. माझ्या नावाने फक्त एक ओळ घाल. लिही की ट्रॉम्बोनवाल्याने ती जागा बावन्न वर्षं वाजवली आणि काल पहिल्यांदा ऐकली, आणि मास्तर बरोबर होते.

तुझा,
पिपाणीकाका